दुखणे कुणाचे?

माझ्या पुतण्याचे पोट रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास दुखू लागे. शाळा साडेदहाची. दप्तर भरलेले, डबा भरलेला, आणि हा पोट धरून पडवीतल्या बाकावर आडवा. वय अकरा. प्रथम आम्ही ओवा चावायला दिला, मग बेंबीभोवती हिंग लावला. आईने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासले, जिल्ह्याच्या गावी जाऊन सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली. सगळे कागद निर्दोष निघाले. मी पडलो शाळामास्तर. अशी पोटे मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘गणिताची चाचणी आली असेल’ असे म्हणून मी ती गोष्ट हसण्यावारी नेली. पण ते पोट रविवारीही दुखे. मे महिन्याच्या सुट्टीतही ते दुखू लागले, तेव्हा मात्र माझे हसू मावळले.

डॉक्टरांनी शेवटी एका समुपदेशक बाईंकडे जायला सुचविले. बाईंनी फोनवर एकच अट घातली. मुलाला एकट्याला आणू नका. तो ज्या घरात राहतो त्या घरातली सगळी माणसे या.

ही अट ऐकून आमच्या घरात जो गहजब झाला, तो सांगण्यासारखा आहे. आई म्हणाली, “दुखतंय पोराचं पोट, आणि औषध घ्यायचं आम्ही?” भावाला रजा मिळेना. माझ्या बायकोचे म्हणणे, घरचे गाऱ्हाणे परक्याच्या दारात कशाला न्यायचे? आणि मी? कादंबऱ्या लिहून दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणारा मी, झाकली मूठ सव्वा लाखाची असे म्हणून मोकळा झालो. फक्त माझी भावजय काही बोलली नाही. पण ती गेले सात महिने फारसे कुणाशीच बोलत नव्हती.

अखेर आम्ही गेलो. त्या जाण्यातून जो प्रश्न माझ्या मागे लागला तो अजून सुटलेला नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर हे कडू कारले कशाला, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीला सारे घर एकत्र येते, आणि घर एकत्र आले म्हणजेच त्यात कोण कुणाशी बोलत नाही ते दिसते. म्हणून हा प्रश्न येथेच मांडावा असे वाटले.

खोली साधी होती. सात खुर्च्या वाटोळ्या मांडलेल्या. आम्हाला वाटेल तसे बसायला सांगितले. आम्ही कसे बसलो ते बाईंनी आधी पाहून घेतले, हे मला मागाहून कळले. आई मधोमध. तिच्या उजव्या हाताला मी, डाव्या हाताला धाकटा भाऊ. माझी बायको माझ्या शेजारी. भावजय दाराजवळच्या खुर्चीत, अंग चोरून. आणि मुलगा बरोबर आईबापांच्या मध्ये.

मला वाटले होते, बाई विचारतील, पोट का दुखते? त्यांनी ते विचारलेच नाही. त्यांनी मुलाला विचारले, “पोट दुखायला लागलं की आधी कोण येतं?”

“आजी.”

“मग?”

“मग आई. मग बाबा पण येतात. मग आई बाबांना सांगते, डॉक्टरांना फोन लावा म्हणून.”

“आणि एरवी आई बाबांना काय सांगते?”

“एरवी मी सांगतो,” तो म्हणाला.

एरवी मी सांगतो! ते शब्द ऐकले आणि गेल्या सात महिन्यांतले आमचे घर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ‘बाबांना सांग, पानं वाढलीत.’ ‘आईला सांग, आज मला उशीर होईल.’ सांगणारा आणि ऐकणारा एकाच खोलीत, तीन हातांच्या अंतरावर. आणि त्या तीन हातांत हे पोर निरोप घेऊन ये-जा करी. आम्ही सगळे ते पाहत होतो. एकदोनदा मी त्याला गमतीने ‘आमचा पोस्टमन’ असेही म्हटले होते. फक्त पोट दुखू लागले म्हणजे नवराबायको समोरासमोर बोलत. मुलगा ढोंग करीत होता असे नाही. त्याचे पोट खरोखरच दुखत होते. पण ते दुखणे घरात एक काम करीत होते, आणि ते काम दुसरे कुणीच करीत नव्हते.

‘अबोला’ हा आपल्या भाषेतला मोठा विलक्षण शब्द आहे. भांडण हे दोघांचे असते आणि ते संपते. अबोला घरात मुक्कामाला येतो. लाडिक रुसव्याशी त्याचे नाते असले तरी ते फार लांबचे. मी ज्या अबोल्याविषयी बोलतो आहे तो सत्ता नसलेल्या माणसाचे हत्यार असतो, आणि कधीकधी सत्ता असलेल्याचेही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या केली, तीत एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता सामायिक असणे या गोष्टी येतात. एकमेकांशी बोलणे त्या व्याख्येत नाही. ही त्या व्याख्येची चूक नव्हे, खरेपणा आहे. एका चुलीवर जेवून वर्षानुवर्षे न बोलणारी घरे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत आहेत.

मी परत आल्यावर या विषयावरचे जे मिळेल ते वाचू लागलो. ज्याला फॅमिली थेरपी म्हणतात, आपण त्याला कुटुंबोपचार म्हणू, त्याचा जन्म १९५० च्या दशकात अमेरिकेत झाला. त्यापूर्वीची रीत अशी, की मनाचा रोगी एकटा वैद्यापुढे बसे, आणि त्याच्या नातेवाइकांना वैद्य शक्यतो भेटतही नसे. पण काही डॉक्टरांच्या असे ध्यानात येऊ लागले, की रुग्णालयात सुधारलेला माणूस घरी गेला की पुन्हा बिघडतो. किंवा तो सुधारला की घरातले दुसरेच कुणीतरी आजारी पडते. मरे बोवेन नावाच्या डॉक्टरांनी १९५४ पासून वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन संस्थेत रोग्यांबरोबर त्यांच्या आयांना, आणि पुढे आख्ख्या कुटुंबांना राहायला आणले. कॅलिफोर्नियात ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५६ साली एक निबंध लिहिला. हा माणूस न्यू गिनीत आणि बाली बेटात राहून लोकांच्या चालीरीती अभ्यासून आलेला. त्याने घराकडे त्याच डोळ्यांनी पाहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की तोंडाने ‘ये’ म्हणायचे आणि अंगाने ‘दूर हो’ म्हणायचे, असे दुहेरी बोलणे ज्याला सतत ऐकावे लागते आणि ज्याला ‘तुम्ही असे का बोलता’ हे विचारण्याचीही सोय नसते, त्याचे मन कोंडीत सापडते.

साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनात जन्मलेले डॉक्टर न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक नावाच्या मुलांच्या शाळेत काम करीत. तेथली मुले न्यूयॉर्क शहरातल्या गरीब वस्त्यांतली, बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन. गुन्ह्यांच्या वाटेला लागलेली म्हणून तेथे धाडलेली. या मुलांशी एकेकट्याने बोलून काही होत नाही हे पाहून मिनुचिन आणि त्यांचे सहकारी त्यांच्या घरच्यांना बोलावू लागले. त्यातून १९६७ साली त्यांचे झोपडवस्तीतल्या कुटुंबांविषयीचे पुस्तक झाले. घरात कोण कुणाच्या जवळ बसतो, कोण कुणाच्या वतीने उत्तर देतो, मोठ्यांचे ओझे कुठले मूल वाहते, हे ते पाहत. आमच्या त्या सात खुर्च्यांचा उगम कुठे आहे ते मला तेव्हा समजले.

या सर्व मंडळींचा मूळ विचार एकच. ज्याला आपण रोगी म्हणून पुढे करतो तो घराने नेमलेला रोगी असू शकतो. ताप एकाच्या अंगात असला तरी मुरलेले दुखणे सगळ्यांचे असते. हा विचार मला प्रथम फार उदार वाटला. ‘पोरगं बिघडलंय’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत शेकडो वेळा ऐकले आहे आणि काही वेळा उच्चारलेही आहे. त्या पोरावरचा शिक्का पुसणारा हा विचार आहे.

पण विचार उदार असला म्हणजे तो निरुपद्रवी असतोच असे नाही. मुलावरचा दोष काढला तर तो ठेवायचा कुठे? दोष ही वस्तू अशी आहे की ती हवेत राहत नाही. कुणाच्या तरी डोक्यावर बसते. अमेरिकेत ती आईच्या डोक्यावर बसली. फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मोठ्या मनोवैद्य बाईंनी १९४८ साली आपल्या एका लेखात स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी आई असा एक शब्द वापरला, आणि पुढे कितीतरी वर्षे असंख्य आयांना आपल्या मुलाच्या भयंकर आजाराबरोबर त्या आजाराचे पातकही वाहावे लागले. आज तो समज टाकून दिलेला आहे. त्या रोगात आनुवंशिकतेचा आणि मेंदूतल्या बदलांचा वाटा मोठा असतो हे कळले आहे. पण ज्या आया त्या तीसचाळीस वर्षांत स्वतःला दोष देत मेल्या त्यांना ते कोण सांगणार? आपल्याकडे हे शास्त्र येण्याआधीच ‘आईनं लाडावून ठेवलाय’ हा निकाल तयार होता. आमच्याही घरात पोटदुखीचे पहिले कारण म्हणून तोच सांगितला गेला होता, आणि तो निकाल भावजयीने खाली मान घालून ऐकला होता.

याच काळात आपल्या देशात एक वेगळीच गोष्ट घडत होती, आणि ती मला अमेरिकेतल्या गोष्टीइतकीच मोठी वाटते. फाळणीनंतर १९५० साली लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रोगी सरहद्दीवरून इकडे आणले गेले. त्या अदलाबदलीवर मंटोने आपली ‘टोबा टेकसिंग’ ही कथा लिहिली. ते रोगी अमृतसरला आले. त्या अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर हे अधीक्षक होते. १९५० च्या दशकात त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले, तुमच्या माणसाजवळ येथेच राहा. रोग्याजवळ त्याची आई, भाऊ, बायको राहू लागली. उपचार कसे होतात ते ती पाहत, डॉक्टर त्यांच्याशी बोलत, एका घराचे माणूस सुधारलेले पाहून दुसऱ्या घराला धीर येई. रोगी लवकर घरी जाऊ लागले, आणि घरही त्यांना परत घेऊ लागले. पुढे वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली जे मानसिक आरोग्य केंद्र काढले तेथेही कुटुंबाने सोबत राहण्याची प्रथा पडली. आणि बंगलोरच्या राष्ट्रीय संस्थेत, म्हणजे निमहान्समध्ये, १९७० च्या दशकात आख्ख्या कुटुंबाला दाखल करून घेणारे केंद्र उभे राहिले.

या दोन गोष्टींत फरक आहे तो पाहण्यासारखा आहे. बेटसन-बोवेन प्रभृतींनी कुटुंबाला बोलावले ते रोगाचे मूळ शोधायला. विद्यासागरांनी बोलावले ते मदतीला. एकाने घराला आरोपी म्हणून पाहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण निदान साक्षीदार म्हणून पाहिले. दुसऱ्याने सोबती म्हणून. यात विद्यासागरांचे मोठेपण आहेच, पण गरजही होती. डॉक्टर थोडे, परिचारिका थोड्या, रोगी पुष्कळ. आपल्याकडे पुष्कळशा चांगल्या गोष्टी टंचाईतून निघाल्या आहेत.

मग आपली कुटुंबपद्धती थोर असे म्हणून टाळी वाजवावी काय? तसा मोह होतो. लंडनमधल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते, की ज्या घरात रोग्यावर सतत कडवट टीका होते, किंवा त्याच्या प्रत्येक हालचालीत घर गुंतून पडते, तेथे स्किझोफ्रेनिया उलटण्याचा संभव जास्त असतो. पुढे चंडीगडला तशाच पद्धतीने पाहणी झाली तेव्हा लंडनच्या मानाने अशी घरे कमी आढळली. हे वाचून मलाही बरे वाटले. पण २०१७ साली आपल्या संसदेने मानसिक आरोग्याचा जो कायदा केला, त्यात रोग्याला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा, आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. घरचे माणूस नेहमी आपल्या माणसाचे हितच पाहते असे असते तर या तरतुदीचे कारणच नव्हते. जे घर तंबूत येऊन राहते तेच घर कधी माणसाला मागच्या खोलीत कोंडूनही ठेवते. दोन्ही खरे आहे, आणि दोन्हीला आपण ‘आपली माणसे’ हाच शब्द वापरतो.

दुसऱ्या खेपेला बाईंनी विचारले, “हे न बोलणं केव्हापासून आहे?”

मोठी माणसे गप्प. आई छताकडे पाहू लागली. तेव्हा मुलगाच म्हणाला, “ताईची फी भरली तेव्हापासून.”

आता सांगायलाच हवे. ताई म्हणजे माझी मुलगी. तिला गेल्या वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीचा पहिला हप्ता भरायला माझ्याजवळ पैसे कमी पडत होते. मी भावाजवळ शब्द टाकला. भाऊ ज्या कारखान्यात नोकरीला आहे तेथे पगार तीनतीन महिने थकतात, हे मला ठाऊक होते. तरी टाकला. त्याने चार दिवसांनी पैसे आणून दिले. कोठून आणलेस, असे मी विचारले नाही. पण पतसंस्थेत सोनेतारण कर्ज घेणाऱ्यांच्या रांगेत तो उभा असलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि आमच्या घरात सोने कुणाचे आहे हेही मला माहीत होते. त्या पाटल्या भावजयीच्या माहेरच्या. त्याने तिला न विचारता त्या कपाटातून काढून नेल्या होत्या. तिला ते आठ दिवसांनी कळले. त्या दिवशी ती एकच वाक्य बोलली म्हणे: “विचारलं असतंत तर दिल्या नसत्या का?” त्यानंतर अबोला.

आमच्या आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. सून फुगून बसली आहे एवढेच तिला दिसे, आणि ती त्यावर उठताबसता बोले. ते बोलणे मी ऐके. दोन वाक्यांत ते मला थांबविता आले असते. मी थांबविले नाही, कारण त्या दोन वाक्यांत माझे नाव आले असते.

त्या दिवशी हे सगळे बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाला, “दादाला नाही कसं म्हणू?” आई म्हणाली, मला कुणी सांगितलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो. बाई मृदुपणे म्हणाल्या, “इथं मी कुणा एकाच्या बाजूची नाही. मी सगळ्यांच्याच बाजूची आहे.”

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीतून भावजय बोलली. आवाज चढलेला नव्हता. “सगळ्यांच्या बाजूला तर सगळेच आहेत. माझ्या बाजूला कोण?”

मी लेखक म्हणून पुष्कळ संवाद लिहिले आहेत. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचलेला नाही.

मागाहून वाचताना माझ्या लक्षात आले, की हाच प्रश्न या शास्त्राला त्याच्या घरातल्याच बायकांनी विचारला होता. रेचेल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली आणि व्हर्जिनिया गोल्डनर यांनी १९८५ साली लिहिलेल्या लेखांत त्यांनी दाखविले, की घर म्हणजे एक चक्र, त्यात प्रत्येक जण दुसऱ्याला फिरवतो, असे म्हणत राहिले म्हणजे चक्रात वर कोण आहे आणि खाली कोण, हे दिसेनासे होते. मारणारा नवरा आणि मार खाणारी बायको यांना ‘तुम्ही दोघे मिळून हा प्रकार घडवता’ असे सांगणे म्हणजे तटस्थपणा नव्हे, मारणाऱ्याला दिलेली मोकळीक होय. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या कचेरीतच छळ झालेल्या स्त्रियांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, त्याची भूमिका याच जाणिवेतून आली. तेथे बाईची बाजू आधी धरायची, बोलणी मागाहून. न्यूझीलंडमध्ये लोअर हट या गावी फॅमिली सेंटर नावाची एक संस्था आहे. तिच्या लोकांना आढळले, की खिन्नतेने ग्रासून आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे खरे दुखणे म्हणजे कोंदट घर आणि अपुरी मिळकत हे आहे. त्यांना धीर देऊन पुन्हा त्याच घरात पाठविणे म्हणजे त्यांना अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकविणे. म्हणून त्यांनी आपल्या कामाला ‘न्याय्य उपचार’ असे नाव घेतले, आणि माओरी वा सामोअन कुटुंबाविषयी शेवटचा शब्द त्या त्या समाजाच्या कार्यकर्त्यांचा राहील असा नियम केला. आमच्या घरापुरते पाहायचे तर थकलेला पगार हाही त्या वाटोळ्यात आठव्या खुर्चीवर बसलेला होता. त्याला कुणी बोलावले नव्हते इतकेच.

मग खरे काय? दुखणे सगळ्यांचे की दोष एकाचा? मी बराच काळ या दोन टोकांत हेलकावे खात होतो. आता मला असे वाटते, की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच ताजव्यात घालतो म्हणून घोटाळा होतो. कारण ही एक गोष्ट आहे आणि जबाबदारी ही दुसरी. त्या पोटदुखीचे कारण आम्ही सहाही जण होतो. खुद्द मुलगाही, कारण निरोप पोचविण्यात त्याला एक प्रकारचे मोठेपण वाटू लागले होते. पण कारणात वाटा सारखा असला म्हणून जबाबदारीत तो सारखा होत नाही. जबाबदारी मोजायची ती ‘नाही’ म्हणण्याच्या ताकदीने. मुलाला ‘मी निरोप नेणार नाही’ असे म्हणता येत नव्हते. भावजयीला सासूपुढे ‘माझ्या पाटल्या गेल्या’ असे म्हणता येत नव्हते. कायदा तिच्या बाजूला होता, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्त्रीधन हे बायकोचेच, सासरी आले म्हणून ते सामायिक होत नाही, असे स्पष्ट केले आहे. पण कायदा स्वयंपाकघरात येऊन बसत नाही. भावाला थोरल्या भावापुढे ‘नाही’ म्हणता येत नव्हते. तरी बायकोला विचारणे त्याच्या हातात होते, आणि ते त्याने केले नाही. आणि मी? मला सगळे म्हणता येत होते. घरात माझा शब्द पडत नाही. मी गप्प बसलो ते भीतीने नव्हे, सोयीने. ज्याला बोलता येते त्याचा अबोला आणि ज्याला बोलता येत नाही त्याचा अबोला, यांना एकच नाव असले तरी त्या एकच गोष्टी नाहीत.

यावर कुणी म्हणेल, हा पाश्चात्त्यांचा हिशेब झाला. आपल्या घरात असे माझे-तुझे नसते. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. तिशीतला मुलगा आईच्या घरात राहतो एवढ्यावरून त्याच्या वाढीत काही खोट आहे असे समजणारे पुस्तक आपल्या कामाचे नाही. आजीने अकरा वर्षांच्या नातवाला भरवले तर त्यात रोग शोधू नये. पण ‘आपल्यात माझे-तुझे नसते’ हे वाक्य घरात कोण म्हणतो ते एकदा पाहावे. घेणारा म्हणतो. जिच्या पाटल्या गेल्या तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलेले नाही.

बाईंनी भावजयीचा प्रश्न टाळला नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे.” आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “तुम्हाला यातलं काय काय ठाऊक होतं?” मी आईसमोर सगळे सांगितले. सांगताना घशाला कोरड पडली. आई रागावेल, रडेल, निदान मला बोलेल असे मला वाटले होते. ती बराच वेळ आपल्या मनगटांकडे पाहत राहिली. मग सुनेकडे न बघता म्हणाली, “माझ्या पण अशाच गेल्या. ह्यांच्या बहिणीच्या लग्नात. मी किती दिवस बोलले नाही ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

चाळीसहून अधिक वर्षे मी त्या बाईचा मुलगा आहे. हे मला ठाऊक नव्हते.

वाचकांना शेवट गोड हवा असतो; दिवाळी अंकात तर हवाच. पण जे झाले तेवढेच सांगतो. आम्ही त्या बाईंकडे एकूण पाच वेळा गेलो. पाटल्यांचे कर्ज आता मी फेडतो आहे; अजून काही हप्ते बाकी आहेत, तोवर त्या पतसंस्थेच्या तिजोरीतच आहेत. भावजय नवऱ्याशी बोलते. पूर्वीसारखे बोलते असे म्हणता येणार नाही. माझ्याशी ती नीट वागते, पण ‘दादा’ म्हणताना पूर्वी जो एक मोकळेपणा असे तो नाही, आणि तो मागण्याचा मला अधिकार नाही. मुलाचे पोट अधूनमधून दुखते. शाळा मात्र बुडत नाही.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी पोरे अंगणात किल्ला करीत होती. माती कालवून हात कोपरापर्यंत बरबटलेले. आईने सवयीने ओट्यावरून हाक मारली, “अरे, तुझ्या आईला सांग, दिवे लावायची वेळ झाली.”

त्याने मानही वर केली नाही. “आजी, तू सांग ना. मला बुरूज करायचाय.”

आई क्षणभर उभी राहिली. मग पदर खोचून ती स्वतःच स्वयंपाकघराकडे गेली.